सत्तरी ओलांडलेल्या लुपसच्या रुग्णांनी औषधं बंद करावीत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ७२. लुपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) २४ वर्षांपासून. सुरुवातीला किडनीला सूज आली होती, बायोप्सी झाली, मोठे उपचार झाले. गेली नऊ-दहा वर्षं आजार शांत आहे. रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ४०० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) ५ आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) ५० चालू होतं. वजन पूर्वी ६२ किलो होतं, आता ४९ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद करायचा विचार करा’ असं सुचवलं. त्यातच ‘म्हातारपणी लुपस विझतो’ असं कुठेतरी वाचून आईंनी दहा दिवसांपूर्वी तिन्ही औषधं स्वतःहून सोडली. ‘थोडी मरगळ आणि मळमळ सोडली तर काही झालेलं नाही, मग बंदच ठेवू का?’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी संधिवात आणि लुपसचे रुग्ण बघतो. हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो, बहुतेकदा मुलामुलींकडून. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण त्या निर्णयापर्यंत मी कसा पोचतो, ते सविस्तर लिहितो.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. ती मरगळ आणि मळमळ मला आवडलेली नाही. अनेक वर्षं स्टिरॉइड घेतलं की किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायचं काम सोडून देतात. बाहेरून मिळतंय तोवर त्यांना गरजच वाटत नाही. गोळी एकदम थांबली की शरीरात ते ना बाहेरून येतं, ना आतून. आधी थकवा, भूक न लागणं, मळमळ. मग उलट्या, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब खाली. ५ मिलिग्रॅमचा डोस छोटा वाटतो, पण वर्षानुवर्षं घेतलेला असला की एवढंही पुरतं. आजच डॉक्टरांना फोन करा, दहा दिवसांपासून प्रेडनिसोलोन बंद आहे हे स्पष्ट सांगा आणि ते पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारा. उलट्या, ताप, चक्कर किंवा गुंगी यातलं काहीही असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा आणि ‘स्टिरॉइड अचानक थांबलंय’ हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

आता ‘अजून काही झालेलं नाही’ याबद्दल. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शरीरातून फार सावकाश जातं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण चाळीस दिवस लागतात, आणि पुरतं निघून जायला काही महिने. म्हणजे आईंनी दहा दिवसांपूर्वी सोडलेलं औषध अजून त्यांच्या रक्तात काम करतंय. ॲझाथायोप्रिनचा परिणामही एका रात्रीत ओसरत नाही. औषधं सोडून बरं चाललंय की नाही हे कळायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. पहिल्या पंधरवड्यातल्या शांततेवरून काहीच ठरवता येत नाही.

‘औषधं बंद करायची का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो एक प्रश्नच नाही. आईंच्या बाबतीत ते तीन प्रश्न आहेत, प्रत्येक औषधाचा एक, आणि तिघांची उत्तरं वेगळी निघतात. रुग्ण सगळी औषधं एका पिशवीत बघतात. मी ती टेबलावर वेगवेगळी मांडतो आणि प्रत्येकीला विचारतो: तू आज या बाईसाठी काय करतेस, आणि तिच्याकडून काय घेतेस?

वयाचा मुद्दा खोटा नाही. मासिक पाळी थांबल्यानंतर लुपसचा जोर बऱ्याच जणींमध्ये ओसरतो. इस्ट्रोजेन कमी होतं, रोगप्रतिकारशक्तीही वयाबरोबर मंदावते. दुसरीकडे औषधांची किंमत मात्र वाढत जाते. तिशीत पचलेलं स्टिरॉइड सत्तरीत हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, मोतीबिंदू आणतं. किडनीची गाळण्याची ताकद घटलेली असते, त्यामुळे तोच डोस अंगात जास्त साठतो. वयस्कर लुपस रुग्णांच्या मृत्यूची कारणं पाहिली तर तिथे जंतुसंसर्ग, हृदयविकार आणि कर्करोग यांचं वजन मोठं असतं. त्यामुळे या वयात औषधं कमी करण्याचा विचार करणं हे चांगल्या उपचाराचाच भाग आहे. जी यादी पंधरा वर्षांपूर्वी लिहिली तीच कॉपी होत राहणं हा निष्काळजीपणा, आणि तो मला सर्रास दिसतो.

पण ‘जोर ओसरतो’ म्हणजे ‘विझतो’ नव्हे. काहींचा आजार साठीनंतरही चांगलाच जागा असतो, आणि कोणाचा तसा आहे हे जन्मतारखेवरून सांगता येत नाही. म्हणून मी वयापेक्षा जुन्या फाइलला जास्त महत्त्व देतो. फाइल उघडून मी एकच गोष्ट शोधतो: या रुग्णाचा सगळ्यात वाईट काळ कोणत्या अवयवात गेला? लुपस पुन्हा उचल खातो तेव्हा बऱ्याचदा जुन्याच वाटेने येतो. ज्यांचा लुपस आयुष्यभर त्वचा आणि सांध्यांपुरता राहिला, त्यांनी औषध कमी केलं आणि आजार परतला, तर काय होईल? गालावर चट्टा येईल, बोटं सुजतील, औषध पुन्हा सुरू करू, महिन्या-दोन महिन्यांत सावरेल. ही जोखीम परवडणारी आहे. किडनी, मेंदू किंवा रक्तपेशींवर हल्ला झालेला असेल तर तो एकच झटका कायमचं नुकसान करून जाऊ शकतो. तुमच्या आई दुसऱ्या गटात आहेत. शांत दहा वर्षं त्यांच्या बाजूने आहेत, जुनी बायोप्सी विरुद्ध. त्यामुळे मी त्यांच्या बाबतीत ‘नाही’ म्हणणार नाही, पण हळू जाईन.

तीन औषधांपैकी आधी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्याच भोवती आहे.

लुपसमध्ये हे पायाचं औषध आहे. आजाराची उचल कमी करतं, अवयवांचं नुकसान लांबवतं, रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी कमी करतं, आणि संसर्गाचा धोका वाढवत नाही. युरोपीय संधिवात संघटना यूलारच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही काही अडचण नसेल तर प्रत्येक लुपस रुग्णाने ते घ्यावं असंच म्हटलं आहे. बंद केल्यावर काय होतं, याचा सगळ्यात जुना नेमका पुरावा १९९१ सालचा कॅनडातला आहे. स्थिर असलेल्या ४७ रुग्णांपैकी काहींना औषध चालू ठेवलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. २४ आठवड्यांत दुसऱ्या गटात आजार उसळण्याचा धोका अडीच पट निघाला. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या १,४६० रुग्णांच्या पाहणीतही डोस कमी करणाऱ्यांत आणि बंद करणाऱ्यांत उचल जास्त दिसली.

मग ‘म्हाताऱ्यांनी बंद केलं तरी चालतं’ हे कुठून आलं? बहुधा २०२० मधल्या एका अमेरिकी अभ्यासातून. त्यात ५५ वर्षांपुढचे, निदान पाच वर्षं हे औषध घेतलेले रुग्ण होते. २६ जणांनी ते सोडलेलं, ३२ जणांचं चालू. वर्षभरात सोडणाऱ्यांपैकी पाच जणांचा आजार उसळला आणि चालू ठेवणाऱ्यांपैकीही पाच जणांचा. जे उसळले ते मुख्यतः त्वचा-सांध्यांचे, गंभीर नव्हते. हे दिलासा देणारं आहे आणि मी ते रुग्णांना सांगतोही. पण गट फार छोटा आहे, जुन्या नोंदी चाळून केलेला आहे, कोणी बंद करायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि काळ फक्त एक वर्षाचा. यातून एवढंच म्हणता येतं की डोळ्यांमुळे किंवा अन्य कारणाने वयस्कर माणसाला हे औषध सोडावंच लागलं तर घाबरून जाण्याचं कारण नाही. ज्याला काही त्रासच नाही त्याने ते सोडावं, असं त्यातून निघत नाही.

आता डोळ्यांकडे. हे औषध दीर्घकाळ घेतल्यावर रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला, इजा करू शकतं आणि झालेली इजा भरून येत नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१६ च्या शिफारशींप्रमाणे, डोस योग्य असेल तर पहिल्या पाच वर्षांत धोका एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी; वीस वर्षांनंतर मात्र तो जवळजवळ वीस टक्क्यांवर जातो. आईंची २४ वर्षं झाली आहेत, तेव्हा नेत्रतज्ज्ञांची काळजी रास्त आहे.

पण ‘योग्य डोस’ या दोन शब्दांवर थांबा. मर्यादा आहे रोज प्रत्येक किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम, तेही प्रत्यक्ष वजनावर. आई ६२ किलोच्या होत्या तेव्हा ४०० म्हणजे किलोमागे जवळपास साडेसहा. त्या काळी साडेसहाचीच मर्यादा मानत, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने डोस बरोबर होता. आज ४९ किलोला तोच ४०० म्हणजे किलोमागे आठहून जास्त. कोणीही डोस वाढवला नाही. आई बारीक झाल्या आणि डोस आपोआप वाढला. वयस्कर रुग्णांत हे इतकं नेहमीचं आहे की आमच्याकडे येणाऱ्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाला मी आधी काट्यावर उभं करतो, मग बोलतो.

४९ किलोला रोजचे कमाल २४५ मिलिग्रॅम होतात. गोळी २०० ची मिळते. हे औषध शरीरात इतकं रेंगाळतं की आठवड्याची सरासरी जमली तरी चालतं. रोज एक गोळी, आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी दोन. म्हणजे आठवड्याला १,६००, रोजचे सरासरी साधारण २२९, किलोमागे पावणेपाचच्या आत. कॅलेंडरवर दर रविवारी खूण केली की घोळ होत नाही.

किडनीचा हिशेब याच्या वर. तुम्ही रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.१ असं लिहिलं आहे आणि पुढे ‘नॉर्मल’. प्रयोगशाळेच्या रकान्यात ते नॉर्मलच छापून येतं. पण ७२ वर्षांच्या स्त्रीत १.१ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, साधारण ५३, निरोगी तरुण किडनीच्या जेमतेम निम्मा. स्नायू कमी असलेल्या बारीक व्यक्तीत खरा आकडा याहून कमीही असू शकतो. किडनीचं काम मंदावलं की हे औषध अंगात जास्त साठतं आणि पडद्याचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून आईंच्या बाबतीत मी आठवड्यातली ती जादा गोळीही सोडून सरळ रोज २०० कडे झुकेन. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर डोस आणखी निदान पाव हिश्श्याने उतरवावा असं किडनीच्या जागतिक मार्गदर्शनात आहे.

याला मी ‘औषध कमी करणं’ म्हणत नाही. चुकलेला डोस जागेवर आणणं एवढंच ते आहे, आणि ते पुढच्या भेटीतच करता येईल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘विचार करा’ म्हटलं ते कशावरून, हे मात्र नक्की विचारा. वय आणि वर्षं ऐकून खबरदारी म्हणून? की ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, काही दिसलं म्हणून? दोन्हींत फार अंतर आहे. पडद्याला इजा झाली असं म्हणायला ओसीटी स्कॅन आणि संगणकावरची दृष्टिक्षेत्राची तपासणी, दोन्हींत एकमेकांशी जुळणारे बदल हवेत. नुसतं दृष्टिक्षेत्र एकदा बिघडलेलं आलं तर तपासणी पुन्हा करतात, कारण त्या यंत्रापुढे थकलेली माणसं बटण दाबायला चुकतात. वयस्कर डोळ्यात मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, वयोमानाचा आजारही असतो, आणि तो औषधाच्या माथी मारला जाऊ शकतो. आशियाई वंशाच्या लोकांत इजा कधीकधी मध्यभागापासून दूर सुरू होते, त्यामुळे फक्त मधला भाग तपासून भागत नाही. विस्तृत क्षेत्र पाहिलंय का, तेही विचारा. संधिवात, त्वचा आणि नेत्रतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनांनी २०२१ मध्ये एकत्र निवेदन काढलं, त्यातही शंकास्पद निष्कर्षावर हे औषध घाईने काढू नका, आधी एकमेकांशी बोला, असाच सूर आहे. इजा नक्की ठरली तर मात्र मी वाद घालत नाही, औषध बंद. बंद केल्यानंतरही काही काळ ती वाढू शकते, त्यामुळे डोळ्यांच्या तपासण्या चालूच ठेवायच्या.

स्टिरॉइडबद्दल माझं मत सरळ आहे. बाहेर काढण्याच्या रांगेत पहिला नंबर याचा. यूलारही हेच म्हणते: देखभालीचा डोस ५ किंवा त्याहून कमी, आणि जमेल तेव्हा शून्य. पण फुकट काहीच नाही. २०२० मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीत ५ मिलिग्रॅमवर किमान वर्षभर शांत असलेल्या १२४ रुग्णांना दोन गटांत विभागलं. ज्यांनी ते घेणं चालू ठेवलं त्यांच्यातल्या ७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उसळला. ज्यांचं बंद केलं त्यांच्यातल्या २७ टक्क्यांचा. मात्र त्या चाचणीत ५ वरून एका दिवसात शून्य केलं होतं. मी तसं करत नाही. मी दर एक-दोन महिन्यांनी १ मिलिग्रॅम उतरवतो. ५ चे ४, ४ चे ३. तीनच्या खाली आणखी सावकाश. सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतो. डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असं धरून पुढे जातो, ५ च्या खाली असेल तर थांबतो, मधे असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघतो. काही जणांची ग्रंथी उठतच नाही. त्यांना २-३ मिलिग्रॅमवर ठेवण्यात मला कमीपणा वाटत नाही.

हे उतरवताना एक गोष्ट हमखास होते. प्रत्येक पायरीनंतर आठ-दहा दिवस अंग दुखतं, खांदे-मांड्या जड होतात, मूड जातो. रुग्ण म्हणतात लुपस परत आला. बहुतेकदा ते स्टिरॉइड सुटण्याचं दुखणं असतं आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. रक्त आणि लघवी तपासून खात्री करायची, पण त्या घाईत डोस पुन्हा वाढवायचा नाही. आणि स्टिरॉइड पूर्ण सुटल्यावरही पुढचं वर्षभर मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अपघात झाला तर तात्पुरतं स्टिरॉइड द्यावं लागू शकतं. तशी नोंद आईंच्या पर्समध्ये कायम असू द्या.

ॲझाथायोप्रिन हे मधलं. याच्याबाबत अनुभवी डॉक्टरांतही एकमत नाही. ते आईंच्या किडनीवरच्या पहाऱ्यासाठी दिलेलं आहे. किडनी शांत झाल्यावर असं औषध थांबवायचं का, हे फ्रान्समध्येच तपासलं गेलं. २०२२ च्या त्या चाचणीत, दोन-तीन वर्षांच्या देखभालीनंतर औषध थांबवलेल्यांत दोन वर्षांमध्ये २७ टक्क्यांची किडनी पुन्हा बिघडली, चालू ठेवलेल्यांत साडेबारा टक्क्यांची. सगळे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर होते, हे लक्षात घ्या. २०२४ मध्ये मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधावरच्या १०० रुग्णांची अमेरिकी चाचणी आली, तिथे साठ आठवड्यांत थांबवलेल्यांत १८ टक्के आणि चालू ठेवलेल्यांत १० टक्के उसळले. हे आकडे आईंना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्या दोन-तीन वर्षं नाही, नऊ-दहा वर्षं शांत आहेत, आणि या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण त्यांच्याहून बरेच तरुण होते. माझा अंदाज त्यांचा धोका कमी असण्याकडे झुकतो. पण शून्य नाही, आणि आधीच निम्म्यावर आलेल्या किडनीला दुसरा तडाखा झेपणार नाही.

ॲझाथायोप्रिन चालू असेपर्यंत एक धोका घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवावा. उतारवयात युरिक ॲसिड वाढतं, अंगठा सुजतो, आणि कोणीतरी ॲलोप्युरिनॉल लिहून देतं. या दोन गोळ्या एकत्र आल्या की ॲझाथायोप्रिनचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो आणि पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या खाली जातात. युरिक ॲसिडवरच्याच फेबुक्सोस्टॅटचंही तेच. नवीन डॉक्टर कोणीही असो, हे औषध चालू आहे हे आधी सांगायचं.

मग क्रम काय? आईंचं सगळं ठीक असेल असं धरून, मी त्यांच्या जागी असलेल्या रुग्णासाठी असा जातो: प्रेडनिसोलोन परत सुरू, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वजनाप्रमाणे दुरुस्त, ॲझाथायोप्रिन जसं होतं तसं. डोस दुरुस्त झाल्यावर निदान चार-सहा महिने थांबायचं. मग स्टिरॉइडचा उतार, ज्यात पाऊण ते एक वर्ष जातं. पुन्हा विश्रांती. त्यानंतरच ॲझाथायोप्रिन ५० वरून २५ आणि काही महिन्यांनी बंद. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शेवटपर्यंत, डोळे परवानगी देतील तोवर. एका वेळी एकच टेकू काढायचा. दोन एकदम काढले आणि भिंत हलली तर कोणत्या टेकूमुळे, ते कळत नाही. या वेगाने आई पंचाहत्तरीच्या आसपास एकाच गोळीवर येतील. ‘इतका वेळ?’ असं प्रत्येक जण विचारतो. दहा वर्षं शांत असलेल्या आजारात घाई करण्यासारखं काही नसतं.

डोळ्यांमुळे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आधीच काढावं लागलं तर हा क्रम उलटतो. अशा वेळी मी ॲझाथायोप्रिनला हात लावत नाही, निदान वर्षभर तरी.

रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळीचा धोका वाढवणाऱ्या) असतील किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर त्यासाठी चालू असलेलं रक्त पातळ करणारं औषध या बंद करण्याच्या चर्चेत येतच नाही. लुपस कितीही शांत असला तरी ते चालूच. आईंची ही तपासणी कधी झाली होती का, ते फाइलमध्ये शोधा.

कमी करण्याच्या काळात लक्ष कशावर ठेवायचं? किडनीचा लुपस दुखत नाही. माणूस ठणठणीत दिसत असताना लघवीतून प्रथिनं जायला लागतात. म्हणून आईंना कसं वाटतंय यावर विसंबायचं नाही. प्रत्येक बदलानंतर महिन्या-दीड महिन्याने आणि एरवी तीन महिन्यांनी लघवीची तपासणी, प्रथिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर, रक्तपेशी, क्रिएटिनिन, सी३-सी४ (लुपस जागा झाला की घटणारी रक्तातली प्रथिनं) आणि डीएनएविरोधी अँटिबॉडी (लुपस जागा झाला की बहुधा वाढणारी). घरी रक्तदाब, पायावरची सूज, लघवीला टिकून राहणारा फेस. डीएनए अँटिबॉडी एकटीच थोडी वर गेली आणि बाकी सगळं शांत असेल तर मी औषध वाढवत नाही, तपासण्या जवळ आणतो. सी३ घसरतंय आणि प्रथिन वाढतंय असं दोन्ही दिसलं तर थांबतो आणि मागे फिरतो. ताप आला तर या वयात आधी संसर्ग शोधायचा, लुपसचं नाव नंतर. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेलं असेल तर संशय संसर्गाकडेच जास्त.

आईंच्या बाजूनेही थोडं बोलतो. ‘या वयात कशाला एवढ्या गोळ्या’ हे त्यांचं म्हणणं हट्ट म्हणून उडवून लावू नका. त्यांच्या रोजच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढून बघा. अशा रुग्णाकडे लुपसच्या तीन आणि इतर सहा-सात निघतात. स्टिरॉइडमुळे दिलेली ॲसिडिटीची गोळी स्टिरॉइड सुटल्यावरही वर्षानुवर्षं चालू. कधीकाळी दिलेलं वेदनाशामक, जे आता किडनीचं नुकसान करतंय. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेलं एकच कॅल्शियम. झोपेची गोळी. बंद करण्यासारखं बरंच काही लुपसच्या बाहेरच सापडतं, आणि त्यातल्या दोन-तीन गेल्या की लुपसच्या तीन घ्यायला आईही तयार होतात. रक्तदाबाची आणि हाडांची औषधं मात्र त्या ताटातून परस्पर काढू नका.

एकाच परिस्थितीत मी सगळं बंद करण्याचा वेगळा विचार करतो: लुपस मुळात दुसऱ्या औषधामुळे झालेला असेल तर. रक्तदाबावरच्या हायड्रालाझिनसारख्या काही औषधांनी उतारवयात लुपससारखा आजार होतो आणि ते औषध थांबवलं की तो जातो. बायोप्सीत किडनीची सूज सिद्ध झालेल्या २४ वर्षांच्या जुन्या लुपसला हे लागू नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी सत्तरीत नव्याने लुपस सांगितला गेला असेल तर त्यांनी जुनी औषधं जरूर तपासून घ्यावीत.

तर आज प्रेडनिसोलोनचा फोन. या आठवड्यात वजन, लघवीचं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ईजीएफआर, सी३-सी४. पुढच्या भेटीला नेत्रतज्ज्ञांचा लेखी अहवाल, ओसीटीच्या प्रतीसह. गुणोत्तर ०.५ च्या वर आलं तर वरचा कमी करण्याचा सगळा आराखडा बाजूला ठेवा आणि आधी किडनीकडे बघा. रिपोर्ट आले की इथे आकडे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं बोलता येईल.